शेऱ्याचा रकाना

वही माझ्याकडे असते.
अनुक्रमांक, नाव, वाडा, बियाण्याचा प्रकार, सही किंवा अंगठा,
आणि शेवटी एक अरुंद रकाना : शेरा.

कार्तिकात, भात मळून झालं की
पिळगावच्या वाचनालयातलं एक कपाट आम्ही रिकामं करतो.
निम्मं काम वाळवीनं आधीच केलेलं असतं.
मग बिया येऊ लागतात.
सांतेस्तेवहून क्लोतिल्दाबाईंची सात शिरांची भेंडी
फेणीच्या बाटलीत, वर राख, बुचाला मेण.
खोल्याची मिरची, जिला शिवून डोळा चोळायचा नाही.
आणि कुणाची तरी तांबडी भाजी, इतकी बारीक
की शिंकलात तर एक वाफा गेला.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत ती भरतो.
त्यामुळे चि. सौ. कां.च्या पोटात मुळा,
आणि 'कृपया आहेर आणू नये' यात दुधी.

खाण बंद पडल्यापासून
रांगेतली तोंडं ओळखीची झाली आहेत.
ज्यांचे ट्रक होते ते,
आणि ज्यांच्या भातात त्या ट्रकांची लाल धूळ बसायची ते,
एकाच बाकावर बसून
बेळगावच्या टोमॅटोचा भाव बोलतात.

गेल्या साली क्रमांक सतरा :
सुकांती गावडे, वरचा वाडा, आल्सांदे, पाव किलो.
सही. अक्षर चांगलं.

माघात मी पाहणीला गेलो.
परसात दोन माड, एक वाकडी केळ,
वाफ्यासाठी खणलेली माती तशीच,
तीत एक कोंबडी पंख पसरून पडलेली.
"उगवले नाहीत?"
"पेरलेच नाहीत."
मान खाली नाही, हुंदका नाही,
सरळ माझ्याकडे बघून म्हणाली,
"रांदले. त्याच रातीं. घरांत नाल्ल आसलो."
आणि मग, जणू पावती दाखवावी तसं :
"धाकटा दोनदा जेवला."

वही उघडी, पेन उघडं.
'वापर नाही' लिहिणं खोटं.
'गैरवापर' लिहायला हात वळेना.
'उगवण शंभर टक्के' असं मनात आलं,
पण समितीला विनोद कळत नाहीत.
रकाना कोरा ठेवून उतरणीला लागलो.

क्लोतिल्दाबाईंना सांगितलं.
फोनवर त्या आधी खूप वेळ खोकल्या.
मग म्हणाल्या, "भुकेल्या घरात आल्सांदे देतोस
आणि वर म्हणतोस, मातीत टाका?
तुझी आई ऐकली असती?
दोन पुड्या कर. मोठीवर लिही खावपाक,
धाकटीवर रोवपाक.
आणि मोठी आधी दे."

समितीत यावर दीड तास गेला.
खजिनदार म्हणाले, हे बियाणं की रेशन?
कुणी चहा मागवला. ठराव झाला नाही,
पण पुड्या दोन झाल्या.

यंदा सतरा नंबर पुन्हा आली.
दोन्ही पुड्या घेतल्या, मोठी हातात तोलून पाहिली,
काही बोलली नाही.

माघात गेलो तर वेल
ट्रकच्या मोडक्या शिडीवर चढलेले.
अर्धे माकडांनी ओरबाडले होते,
त्यांना शिव्या देत ती शेंगा तोडत होती,
धाकटा कच्च्याच चघळत होता.
जाताना मला हाक मारली.
पाकिटात बी परत : एकेचाळीस दाणे.
तीन किडके. "तेय मेजल्यात," म्हणाली,
"मागीर म्हणू नका सांगलें ना."

घरी येऊन यंदाचं भरलं.
मग जुनी पानं उलटत मागच्या सालात गेलो,
सतराच्या पुढे, त्या कोऱ्या चौकटीत,
शाई वेगळी दिसेल हे माहीत असून लिहिलं :
नारळ होता.