टू-सी

बाबांनी कंपनीचं नाव आयुष्यभर अर्धंच घेतलं.
आरी.
लहानपणी मला वाटायचं, मोच्याच्या आरीसारखं असेल काही,
टोचणारं.
पुढे वाचलं. दोन जर्मन दोस्त,
एकोणीसशे सतरा, गाव म्युनिक,
आडनावांचे तुकडे एकमेकांना जोडून त्यांनी दुकान थाटलं.
बाबा म्हणाले, आमचं 'पारा' झालं असतं.
पाताडे आणि राऊळ.
राऊळाने चहाचे पैसे बुडवले नसते तर.

सदतीस साली शटरवर आरसा बसला,
तिरका, फिरता.
मी हे मोठ्याने वाचून दाखवत होते.
बाबा बोटं मोडत म्हणाले,
आरसा अर्धा वेळ डोळ्याला देतो, अर्धा वेळ फिल्मला.
दोघांना एकदम कधीच नाही.
म्हणजे फिल्मवर जे उमटलं
ते कॅमेरामनने बघितलेलंच नसतं.

मग ती लढाईत गेली.
हरणाऱ्यांच्या बाजूने होती,
त्यांच्या विजयाची चित्रं टिपत.

आमच्याकडे आली ती टू-सी.
ताडदेवला, मर्झबानशेठच्या गोदामात,
एकोणसत्तर साली, भुशात रुतलेली.
तोंडावर तीन भिंगं, फिरवावं ते पुढे येई,
आणि हातात धरायची मूठ हीच तिची मोटर,
उन्हाळ्यात पोळायची.
बाबा अटेंडंट. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर भाड्याने जाणारा माणूस.
शेठच्या पावतीवर लिहिलेलं असे:
कॅमेरा एक, लेन्स तीन, मॅगझिनं चार, बॅटऱ्या दोन,
आणि सगळ्यात खाली, पाताडे.

कर्कश होती.
घोंगडी गुंडाळली तरी चकचक यायचीच.
म्हणून सेटवर कोण काय बोललं ते कुणी ठेवलंच नाही,
सगळं नंतर, बंद खोलीत, ओठ बघून पुन्हा बोलले.
गोरेगावला एका तळ्याकाठी
एका नटीने रडता रडता खरी शिवी घातली होती.
पडद्यावर ती 'मला माफ करा' म्हणते.
शिवी बाबांकडे आहे. सांगत नाहीत.

फिल्म भरायची ती काळ्या पिशवीत,
कोपरापर्यंत हात आत, नजर भलतीकडे,
झाडावर, स्पॉटबॉयच्या चपलेवर, कुठेही.
चारशे फूट. साडेचार मिनिटंसुद्धा नाहीत.
आई सांगते, मी झाले तेव्हा
त्यांनी मला तसंच घेतलं,
दुपट्यात हात घालून, खिडकीबाहेर बघत,
बोटांनीच मोजत.

मग बीएल आली, आवाज न करणारी.
मग चारशे पस्तीस, नखरेल, पाहिजे त्या वेगाने धावणारी.
बाबा त्यांची नावं जावांची घ्यावीत तशी घेत,
मधली, धाकटी.
थोरली म्हणजे टू-सीच.
अकरा साली कंपनीने फिल्मचे कॅमेरे बनवणं थांबवलं.
त्या दिवशी बाबा पासबुक भरून आणायला गेले होते.
मी सांगितलं, तर म्हणाले, बँकेत गर्दी होती.

मर्झबानशेठच्या नातवाने गोदाम विकलं.
आता ती लोअर परळला एका हॉटेलात आहे,
कुंडीशेजारी, पिवळ्या दिव्याखाली,
मॅगझिन उलटं लावलेलं.
बाबांना अठ्ठ्याहत्तर लागलं म्हणून मी मुद्दाम नेलं.
सूप निवत राहिलं.
ते उठले, मॅगझिन सुलटं केलं,
कुशीवरचं झाकण उघडलं,
गेटवर फुंकर मारली.
आजोबा, वेटर म्हणाला, शोची वस्तू आहे ती.
माहीत आहे, म्हणाले,
आणि नखाने एक केस काढला.
कुणाचा, कुठल्या सालचा,
रुमालात ठेवून घडी घातली.

बिल आलं.
चष्मा लावून त्यांनी ते खालपर्यंत वाचलं.
शेवटच्या ओळीत कर होता.