संख्या

ताळगावच्या पठारावर, ग्रंथालयामागच्या
जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर आम्ही चौघंच बसलो.
परिपत्रकात पाचांना बंदी होती,
चारांबद्दल कुलसचिवांनी काही म्हटलं नव्हतं.

इनासिना वाचत होती
वसतिगृहाच्या खाणावळीतल्या बायांची नावं,
जूनपासून ज्यांना पगार नाही.
घोषणा नाही, कर्णा नाही.
नुसती नावं, हजेरी घेतात तशी.

वारा तिथं झुआरीवरून सरळ वर येतो,
कागद दोन्ही हातांनी धरावा लागतो.

वेळीपमामा आले, रखवालीची वही घेऊन.
बोटानं मोजलं आम्हाला. पुन्हा मोजलं.
"परवानगी?"
"चौघांना लागत नाही, मामा."
मान हलवली,
पण गेले नाहीत.

इनासिनानं पुढचं नाव घेतलं : शेवंती गावकर.
"गावकर न्हय," मामा हळूच म्हणाले,
काजूच्या झाडाकडं बघत.
"वेळीप."

तिनं खोडलं, वर लिहिलं,
आणि यादी परत पहिल्यापासून वाचली.
या वेळी मामा खालच्या पायरीवर बसून होते,
टोपी गुडघ्यावर.

दुसऱ्या दिवशी चौकशीत ती वही पुढ्यात आली.
त्यांचंच अक्षर, जरा तिरकं :
पायऱ्यांवर जमाव. शांत.
संख्या पाच.