चौथा पेला

पावणेआठला पिवळी बस आमच्या फाटकावरून जाते.
थांबत नाही. चालवणारा माझाच नवरा.
दुसऱ्यांची लेकरं शाळेत पोचवतो ऑरिन,
आणि स्वतःची तीन खिडकीत दिसली
की हॉर्न दोनदा वाजवतो.
मग आमची शाळा भरते.

आधी प्रार्थना. मग ताटल्या उचलणं.
मग वनस्पतिशास्त्र, त्याच टेबलावर,
जॅमचा डाग पुसून.

कॅन्ससचा एप्रिल. वारा दाराला धक्के देतोय
उधारी वसूल करायला आल्यासारखा.
बाहेर नजर पोचेल तिथवर हिवाळी गहू,
बर्फाखालून निघालेला.
तबीथाला ठाऊक आहे: थंडी सोसली नाही
तर या गव्हाला ओंबीच धरत नाही.
ती हे पाहुण्यांनाही सांगते, न विचारता.

आज भिजवलेला घेवडा.
साल नखानं सुटते, ओल्या मोज्यासारखी.
दोन डाळिंब्या अलगद उघडल्या
आणि सायलसनं भिंग डोळ्याला लावलं.
बराच वेळ बोलला नाही.
सात वर्षांत त्याला इतका गप्प
मी फक्त तापात पाहिलाय.

"आई, यात पानं आहेत. दोन. घडी घातलेली."
"हो."
"मग हे मेलेलं नाहीये."
"नाही."
"पण सकाळी तू वाचलंस, दाणा मातीत पडून मरतो.
प्रभू चुकला का?"

टेबलाखाली कुत्रं झोपेत पाय झाडत होतं.
मी माझ्या टाचणवहीत पाहिलं.
बीजपत्रं. आदिमूळ. अंकुर. चित्र रंगवून घेणे.
एवढंच होतं.

माझ्या आईनं थोबाडीत दिली असती.
पाळकांनी हसून बिस्किट पुढं केलं असतं.
मी म्हटलं, "मला नीट माहीत नाही, सायलस.
तो शेतकऱ्यांशी बोलत होता,
त्यांच्या डोळ्यांना दिसतं तसं बोलला असेल."
"बी मरतंच की," तबीथा म्हणाली, डोकं वर न करता,
"महिन्यानं माती उकरून घेवडा शोधून दाखव.
वेल मिळेल. घेवडा नाही."
ती हिरव्या खडूला टोक काढत होती.

खिडकीत तिघांचे तीन कागदी पेले.
आज मोजले तर चार.
चौथ्यावर जूनियाची उलटी-सुलटी अक्षरं: आजोबा.

नोव्हेंबरात, गहू बोटभर होता तेव्हा,
वेंडेल आजोबांना आम्ही चर्चच्या मागे ठेवलं.
जूनिया रडली नाही.
बी त्याच्या दुपटीइतकंच खोल पेरायचं,
मीच शिकवलं होतं तिला उन्हाळ्यात.
ती खड्ड्याच्या काठाशी वाकली
आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,
"फार खोल आहे हे."

पोरं पुसटसं ऊन पडलं म्हणून बाहेर पळाली.
मी चौथ्या पेल्यात बोट घातलं.
पेरभर मातीखाली एक बटण.
निळं, चार भोकांचं, त्यांच्या रविवारच्या सदऱ्याचं.
पुन्हा तिथंच ठेवलं, माती सारखी केली.
एक भोक वर राहावं की खाली, असा विचारही केला,
वेड्यासारखा.

दुपारी निरीक्षणवही तपासायला घेतली.
सायलसचं अक्षर, रेघेवरून घसरणारं:
दिवस नववा.
पेला एक: चार इंच.
पेला दोन: अडीच इंच, वाकडं.
पेला तीन: मान वर काढली.
पेला चार: अजून नाही.

लाल पेन माझ्या हातात होतं.
टोपण लावलं, उठले,
चारही पेल्यांना पाणी घातलं.
थोडंच. जास्त झालं तर मुळं कुजतात.