टॉवेल आत टाकणे

अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात
एसी फक्त कॉम्प्युटरला.
मला पंखा, आणि भिंतीवर कॅलेंडरातला मार्कंडेय.

शेठना इंग्रजी येतं ते दरापुरतं:
जीएसएम, कंटेनर, पेमेंट, सॉरी.
त्यापलीकडचं मी वाचून सांगायचं.
मी शिकले नाईट स्कूलात, मैंदर्गी सरांकडे.
त्यांच्या घरी कन्नड, माझ्या घरी तेलुगू,
इंग्रजी आम्ही दोघांनी मराठीतनं गाठलं.

सर म्हणायचे, वाक्प्रचार म्हणजे उलटा घडी घातलेला टॉवेल,
हात आत घातल्याशिवाय मऊ बाजू लागत नाही.

लीड्सचं गिऱ्हाईक जुनं.
त्यानं एकदा लिहिलं, धागा हरवला.
मी तशीच शेडमध्ये धावले.
नरसय्या जॉबरनं सहा माग थांबवून
बीम बघितला, बॉबिन बघितली,
एक एक टोक जिभेवर ओलं करून बघितलं.
साहेबाचा बोलण्यातला धागा हरवला होता.

मग एकदा, सूत कातू नका.
शेठ भडकले. आपण कुठं कातालोय?
सूत तर कोइमतूरचं, बिल दाखव त्याला!
सरांना फोन केला. सर बराच वेळ हसले.
थापा मारू नका, म्हणतोय तो.
डिस्पॅच आम्ही खरंच केलेला नव्हता.

मार्च संपता संपता,
पत्र्याखाली बोलावंसंही वाटत नाही अशा दुपारी
मेल आली:
इतक्या वर्षांनी आम्ही टॉवेल आत टाकत आहोत.

मी मोठ्यानं वाचलं.
शेठनी चहा सांगितला, स्पेशल.
टाकू दे की! किती टाकालाय विचार,
एक कंटेनर का दोन?
नरसय्या दारात होता. मागांनी त्याचे कान कधीच खाल्लेत,
त्याला टॉवेल तेवढा ऐकू आला.
आत टाकला म्हणजे जागा धरली की ओ.
मी रोज खिडकीतनं टाकतो एसटीत.
एकदा पडला, की कोण बसंल तिथं?

मला मात्र त्या वाक्याचा शेवट थंड लागला.
रात्री सरांकडे गेले.
सरांनी चष्मा पुसला, आमच्याच सेकंड क्वालिटीनं.
म्हणाले, दोरांच्या चौकटीत दोघं जण ठोसे मारत असतात.
बाहेर एकाचा माणूस उभा असतो, खांद्यावर टॉवेल.
पोरगं आता उठत नाही असं दिसलं
की तो टॉवेल आत टाकतो.
म्हणजे काय, सर?
म्हणजे हरलो.
मग जरा थांबून,
म्हणजे, याला आता मारू नका.
हे दुसरं डिक्शनरीत नव्हतं, मी नंतर बघितलं.

घरी आई पंचवीसाचा कट्टा बांधत होती.
काय झालं, तिनं तेलुगूत विचारलं.
मी तिन्ही भाषांत गप्प.

सकाळी शेठना सांगितलं.
ते काचेतनं मागांकडे बघत राहिले.
मग म्हणाले, लिही.
असा हात आखडू नका म्हणावं,
एकमेकांचं मीठ खाल्लंय.
मी लिहिलं, शब्दाला शब्द.
उत्तर आलं:
कुणाचा हात आखडला आहे? डॉक्टरांना दाखवलंत का?
आणि मिठाची ऑर्डर आम्ही दिल्याचं आठवत नाही.

मग मी शेठना न विचारता लिहिलं.
आमच्या गावात, साहेब, टॉवेल आत टाकतात
तो गाडी फलाटाला लागायच्या आधी,
खिडकीतनं, खांदा निखळेपर्यंत हात लांबवून.
त्याचा अर्थ, मी येतोय. माझी जागा ठेवा.
त्या टॉवेलवर कुणी बसत नाही.
इंग्रजी चुकलं असेल. सरांना दाखवलं नाही.

अजून उत्तर नाही.
भोंगा झाला, शिफ्ट सुटली.
फाटकाबाहेर धूळ उडाली तसा
नरसय्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात गुंडाळला.
गाडीचा वेग अजून कमी व्हायचा होता.