मूठभर मांस

सकाळी आठला ऑर्नेला उंदरांची वजनं करते.
शेपटीच्या मुळाशी धरून एकेकाला डब्यात ठेवते,
काटा थरथरतो, मग मानतो.
बावीस पूर्णांक चार. काल तेवीस होतं.
गाठ वजा केली तर एकवीससुद्धा नाही.
खातात जवळजवळ तेवढंच.
अंगी लागत नाही.

तुरिनच्या या टोकाला नदी जवळ आहे.
नोव्हेंबरात धुकं तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतं
आणि फियोरेंत्सो म्हणतो, बरंय,
बाहेर बघण्यासारखं काही उरलं नाही.
तो पेशींना जेवू घालतो, रविवारीही.
एकदा मेव्हणीच्या लग्नातून उठून आला,
कोटाच्या खिशात साखरेत घोळलेले बदाम,
कारण थाळीतले तंतू नुकते एकमेकांत मिसळत होते,
उपाशी ठेवले असते तर सुटले असते.
बायको आठवडाभर बोलली नाही.

योनास अस्माराचा. त्याचा हात सगळ्यात हलका.
पोटरीचा स्नायू दोन्ही टोकांना सोडवून
अख्खा उचलतो, चिंचोक्याएवढा.
निरोगी असेल तर एकशे तीस मिलिग्रॅम,
नसेल तर ब्याण्णव.
मधल्या अडतीस मिलिग्रॅमांवरून
आम्ही सात माणसं चार वर्षं भांडतोय.

दर तिसऱ्या मंगळवारी खालच्या मजल्यावर
सिन्योर बाल्दोविनो यायचे.
पियानो वाहायचे ते, अरुंद जिन्यांवरून, पट्टे खांद्यावर टाकून.
आता स्वादुपिंड.
अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला,
दर खेपेला एक वेढा जास्त.
मुठीत यंत्र दाबायचे आणि विचारायचे,
उंदीर किती ओढतो?
स्वतःच्या वजनाच्या पाचपट, मी म्हणाले.
त्यांनी मनात गुणाकार केला.
म्हणजे मी तीनशे ओढायला हवेत.
ओढलेत. पण त्यात पियानो होता.

त्यांची क्लेलिया हेझलनटचा केक पाठवायची.
तुम्ही खा, म्हणायचे, मला बघू द्या.
आम्ही खायचो. प्रयोगशाळेत सगळेच जाड झालोय,
हे आम्ही एकमेकांना सांगत नाही.

एकदा पकड अर्धा किलो जास्त भरली.
मी आकडा सांगितला
तर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.
म्हणजे, चढलं नाही.
स्कॅनवर तरी नाही.

माझं काम बर्फाच्या यंत्रावरचं:
दहा मायक्रॉनचे काप, रंग, मग मोजणी.
माणसांचे एकतीस नमुने, काचांवर फक्त क्रमांक.
नावं ऑर्नेलाच्या कपाटात, किल्ली तिच्या गळ्यात.
माहीत असलं की हात झुकतो, ती म्हणते.
खरंय.
एकेका तंतूभोवती मी रेघ ओढते,
काही अजून भरलेले, काही कोपऱ्यात दबून टोकदार झालेले,
गर्दीच्या बाकावर सरकून बसावं तसे.
सतराव्या काचेवर थांबले.
ओळखायचं नसतं. ओळखता येतही नाही.
तरी थांबले, मग पुढची काच घेतली.

औषध दिलेल्या उंदरांत अकरा मिलिग्रॅम वाढले
त्या संध्याकाळी फियोरेंत्सोने बाटली उघडली.
ऑर्नेला म्हणाली, पुन्हा करून बघू.
पुन्हा केलं.
चार.
चार म्हणजे काट्याचा मूडही असू शकतो.
उरलेली वाइन कुणी ओतली नाही, कुणी प्यायलीही नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
त्यांच्या वेळेला क्लेलिया आली, केक घेऊन,
कोट न काढता त्यांच्या खुर्चीत बसली.
यंत्र टेबलावरच होतं.
तिने ते उचललं, डोळे मिटले, दाबलं.
एकोणीस.
योनासने माझ्याकडे बघितलं, तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.
लिहा, ती म्हणाली.

त्याने समासात लिहिलं, पेन्सिलीने.
मग सुरी आणली, केकसाठी,
आणि पहिला तुकडा तिच्याच पुढे ठेवला.