पिवळा खडू

फी एकेचाळीस हजार. पुस्तक त्यात धरलेलं नाही.
डोळ्यांच्या तपासणीचे वेगळे.
क्लास चेंबूरला, दर रविवारी, मिठाईच्या दुकानावरच्या माळ्यावर,
म्हणजे कलमं आणि उपकलमं तुपाच्या वासात पाठ करायची.

मी सव्वीस वर्षं दारूखान्यात जोड मारतो.
बार्जच्या पोटात उताणा पडून,
ठिणगी वरून येते, कॉलरमधून थेट बेंबीपर्यंत जाते
आणि हात हलवायचा नाही, कारण
हात हलला की जोड हलला.
एवढं एक कलम मला पाठ आहे.

कुट्टीसाहेब तपासायला येतात.
पांढरं हेल्मेट, खिशात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा,
आणि पिवळा खडू.
जोडावरून बोट फिरवतात,
थांबतात तिथं गोल. बोलत काही नाहीत.
त्या एका गोलापायी आम्ही ग्राइंडर लावून
दुपारभर खणत बसतो.
परवा जाताना म्हणाले, "तांडेल, तुम्ही परीक्षा द्या.
गुडघे पन्नाशीपर्यंत टिकतात. डोळे त्याच्याआधी जातात."
बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं.

निर्मला म्हणते, भरा की फॉर्म,
डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपणारा माणूस
मी अजून किती वर्षं बघू?
जुईली बारावीला. पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवते,
अंडरकट, पोरोसिटी, लॅक ऑफ फ्यूजन.
मी म्हणतो, हे माहीत आहे मला,
आम्ही खाच म्हणतो, फोड म्हणतो,
आणि तिसऱ्याला नुसतं "धरलं नाही".
ती म्हणते, बाबा, पेपरात असं लिहून चालणार नाही.

अडचण इंग्रजीची नाही.
अडचण अंकुश मेस्त्रींची आहे.
त्यांनी माझं मनगट धरून पहिली रेघ ओढून घेतली.
त्यांचा हात हल्ली दुपारनंतर थरथरतो
आणि त्यांच्या जोडावर रात्रपाळीत
मी गुपचूप वरून एक पास देतो.
साहेबांना ठाऊक नाही. मेस्त्रींना आहे.
दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे चहा सरकवतात, वर बघत नाहीत.
खडू हातात आला, तर पहिला गोल कुणाच्या कामावर?

आणि एक जोड आहे,
मेस्त्रींचा नव्हे, माझा.
जुईली झाली त्या रात्री, पहाटे चार, टाकीत,
दमट रॉड, भट्टीत न तापवलेला.
चांगली आर्क तेलात भजी सोडल्यासारखी वाजते. ती थुंकत होती.
आत फोड राहिले हे मला कानानं कळलं.
वरून देखणी कॅप ओढली, खवल्याला खवला लागून,
आणि हॉस्पिटलला पळालो.
तेव्हाचे साहेब वेगळे. त्यांचं बोट कुठंच थांबलं नाही.
ती बार्ज अजून चालते की भंगारात गेली,
मी कुणाला विचारलेलं नाही.

काल जेवल्यावर दाराच्या ग्रिलपाशी बसलो.
लग्नाच्या वर्षी मीच केलेलं.
टॉर्च घेतला, निर्मलेचा कुंकवाचा आरसा घेतला.
वरून तिसरा जोड, बिजागरीखाली. खाच, बोटभर.
दर गणपतीआधी एक, असे अठरा रंग चढलेत वर,
तरी नखाला लागली.
"चोर आलाय का?" आतून निर्मला.
"नाही," म्हटलं, "मीच आहे."
खिशात कुट्टीसाहेब विसरून गेलेला खडूचा तुकडा होता.
गोल काढला.

फॉर्म फ्रिजवर आहे, चुंबकाखाली. शेवटची तारीख शुक्रवार.
सकाळी दूधवाल्यानं पिशवी नेमकी त्याच गजाला अडकवली
आणि शिट्टी मारत खाली गेला.
गजानं वजन धरलं. रोजच धरतो.
मी पिशवी काढून घेतली.
गोल पुसला नाही.