मुलीनं काढलेला नकाशा

ग्राफच्या कागदावर काढून दिलाय तिनं,
नववीतल्या पोरीचं नेटकं पेन्सिलकाम:
एक चौकोन म्हणजे एक मिनिट, बाबा.
त्र्यंबक नाका. मग झेरॉक्सचं दुकान.
मग दातांचा दवाखाना, मग शाळेची मागची भिंत.
खाली लिहिलंय, मंगळवार, साडेसात.
आणि त्याच्याही खाली, खोडून पुन्हा,
फोन मीच केला होता.

सातपूरहून बस धरली, नाक्यावर उतरलो
आणि कागद उलटासुलटा करत उभा राहिलो.
वीस वर्षं फिरतोय या रस्त्यांनी,
हे झेरॉक्सचं दुकान कधी उघडलं?
माझ्या डोक्यातलं नाशिक वेगळ्या खुणांचं.
जिथे उधारी चालते तो कोपरा,
जिथे फुटाणे फुकट,
जिथे मागच्या दारानं ड्राय डेलाही मिळते,
जिथे सायकल विसरलो, जिथे पगाराचं पाकीट.
तिच्या नकाशात त्यातलं एकही नाही.
म्हणजे तिला माहीत नाही, असं नाही.
चंद्रकला अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी
मला शोधायला हीच यायची, शाळेच्या गणवेशात,
हाक न मारता पायरीवर उभी राहायची.
तिनं ते गाळलंय.

पानवाल्याला विचारलं. काय शोधताय?
म्हटलं, शिकवणी. साडूच्या पोराची.
सोपंय, तो म्हणाला, त्या बारवरून उजवीकडे.
मी बारवरून वळलो नाही.
लांबून गेलो, दोन गल्ल्या जास्त,
द्राक्षांचे रिकामे क्रेट भरलेला टेम्पो उभा होता तिकडून.
फेब्रुवारीतही सदरा पाठीला चिकटला होता
आणि कागदावरचे चौकोन केव्हाच संपले होते.

शाळेच्या मागच्या बाजूला एका वर्गात दिवा दिसला.
शिरलो. शेवटच्या बाकावर बसलो.
रजिस्टर आलं, सही केली. हात हलला,
कोणाचं लक्ष नव्हतं.
समोर एक टक्कल पडलेले गृहस्थ कळवळून सांगत होते,
गळती कधीपासून सुरू झाली,
किती वेळा थांबवायचा प्रयत्न केला,
किती पैसा गेला त्यात,
शेजाऱ्यांनी कसं तोंड फिरवलं.
माझ्या घशाशी आलं. खरंय, भाऊ, म्हणालो मनात,
अगदी खरंय.
पंधरा मिनिटांनी कळलं,
ही बी विंगच्या टाकीची गोष्ट आहे.

उठलो तर बाक वाजलं.
सगळे वळले. कुठला फ्लॅट तुमचा?
माझा नाही, म्हटलं.
चेअरमन बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
बहुतेक सगळंच पाहिलं,
आणि आवाज न चढवता म्हणाल्या,
तुमची वरती असते. हिरव्या जिन्यानं जा.
सांभाळून हं, तिसरी पायरी सैल आहे.

वर अकरा माणसं. एक करकरणारा पंखा.
फळ्यावर अर्धवट पुसलेले त्रिकोणाचे गुणधर्म.
नाव विचारलं, आडनाव नको म्हणाले.
कारभारी, म्हटलं,
आणि घरचा कारभार कोण बघतं ते आठवलं.
पुढचं वाक्य येईना.
राहू द्या, कोणीतरी म्हणालं, आज नुसतं बसा.

चहा आला. माझा कप अर्धाच.
नव्याला कमी देत असतील, वाटलं.
मग पाहिलं,
थर्मास घेऊन फिरणारा तो म्हातारा
सगळ्यांचेच कप अर्धे भरत होता,
कोणाच्याही हातांकडे न बघता.
दोन्ही तळव्यांत धरला. बशीत एक थेंबही नाही.

निघताना जिन्यावरच्या उजेडात कागद काढला,
खालच्या माणसाचं पेन मागितलं
आणि शेवटच्या चौकोनात लिहिलं,
हिरवा जिना. तिसरी पायरी सैल.
अक्षर वाकडं आलंय.
ती खोडेल, आणि पुन्हा नीट काढेल.